पदाच्या माथ्यावरची ओळ

संगीत नाटकांची जुनी छापील पुस्तके ज्यांच्या घरी अद्याप उरली असतील, त्यांनी त्यांपैकी एखादे सहज उघडून पाहावे. पदाच्या माथ्यावर बारीक ठशांत एक ओळ छापलेली आढळेल. तीत रागाचे नाव असते, तालाचे असते, आणि पुढे ‘चाल’ एवढा शब्द घालून दुसऱ्याच कोणत्या तरी गाण्याचे आरंभीचे दोन-तीन शब्द दिलेले असतात. हे गाणे कधी हिंदी असते, कधी कानडी, कधी गुजराती. कधी ती एखादी लावणी असते, तर कधी आधीच्याच एखाद्या नाटकातले गाजलेले पद. बहुतेक वाचक ही ओळ ओलांडून थेट पदावर जातात. मीही पुष्कळ वर्षे तेच केले. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास मूळ ग्रंथाहून पुष्कळदा समासातली टीपच अधिक सांगून जाते. तसा अनुभव मला या ओळीच्या बाबतीत आला. मराठी नाट्यसंगीताच्या जमाखर्चात ‘नावे’ बाजूस जे काही मांडावयाचे, ते या एका ओळीत मांडलेले आहे.

याला निमित्त घरगुतीच झाले. माझ्या आजीचा गळा गोड होता. सायंकाळी देवापाशी दिवा लावून झाला की माजघराच्या उंबऱ्याशी बसून ती एक नाटकातले पद हळू आवाजात म्हणत असे. त्या पदात करुणा होती, थोडी भक्तीही होती. निदान आम्हां मुलांस ते स्तोत्रासारखेच वाटे. आमच्या घरचे वळण असे की ‘लावणी’ हा शब्द मोठ्या माणसांच्या देखत उच्चारण्याची सोय नव्हती. आजी गेल्यानंतर तिच्या पेटीतले नाटकाचे पुस्तक माझ्याकडे आले. एके दिवशी त्या पदाचे शब्द तपासून पाहावेत म्हणून मी ते उघडले, तो माथ्यावर चाल दिलेली: एका शृंगारिक लावणीची! प्रथम मला हसू आले. मग थोडे ओशाळल्यासारखे झाले. आणि शेवटी मनात आले, की तमाशाच्या फडातून निघून हा सूर आमच्या देवघराच्या उंबऱ्यापर्यंत कोणत्या वाटेने आला असेल? प्रस्तुत लेख हा त्या वाटेचा शोध आहे.

या शोधास दुसरीही एक बाजू आहे. परवा वर्गात बोलता बोलता एका चुणचुणीत विद्यार्थ्याने प्रश्न केला, “सर, आजच्या चित्रपटाच्या संगीतकाराने परदेशी गाण्यावरून चाल घेतली तर आपण त्याला चोर म्हणतो; मग किर्लोस्करांना आद्य संगीतकार का म्हणतो?” वर्ग हसला. मी वेळ मारून नेण्यापुरते काहीतरी उत्तर दिले, पण ते माझे मलाच पटले नाही. आपल्याकडे या विषयावर दोन टोकांची मते प्रचलित आहेत. एक पक्ष म्हणतो, की नाट्यसंगीत हे अस्सल मराठी मातीतले लेणे, आणि उसनवारीचा रोग पुढच्यांनी आणला. दुसरा म्हणतो, की मुळात सारीच उसनवारी. स्वतःचे असे काही नव्हतेच. दोन्ही मतांस इतिहासाचा आधार नाही, असे माझे नम्र मत आहे. आणि ते का, हेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे, की चालींची देवघेव नाटकाबरोबर जन्मास आली नाही. पेशवाईच्या उत्तरार्धात लावणी आणि कीर्तन या दोन वरकरणी विरुद्ध दिसणाऱ्या प्रकारांमध्ये सारखी ये-जा चालू होती. सोलापूरचा राम जोशी हा व्युत्पन्न ब्राह्मण डफावर थाप मारून लावण्या गाऊ लागला आणि पुढे कीर्तनाकडे वळला. एकाच माणसाच्या कंठात तमाशाचा ठेका आणि मोरोपंतांची आर्या एकत्र नांदली. होनाजी-बाळा या जोडीने लावणीस रागदारीचा पेहराव चढविला, आणि त्याच होनाजीच्या नावावरची भूपाळी आज पहाटे देवळांत म्हटली जाते. शाहीर आणि हरिदास हे एकमेकांस नावे ठेवीत असतीलही. पण एकमेकांच्या चाली मात्र दोघेही मन लावून ऐकत असत. समाजाने घातलेली कुंपणे माणसांना अडवतात. सूर त्यांना जुमानीत नाही.

१८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हा खेळ केला, त्याचेही बीज बाहेरचेच होते. कर्नाटकातून आलेल्या एका मंडळीचा खेळ सांगलीच्या दरबारात झाला. तो पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांस मराठीत तसे काही करण्याची आज्ञा केली. भाव्यांच्या नाटकात पदे सूत्रधाराने म्हणावयाची आणि पात्रांनी त्याप्रमाणे हावभाव करून मधूनमधून बोलावयाचे, अशी रीत होती. म्हणजे गाणे एकाचे आणि भावना दुसऱ्याची. सीता रडावयाची, आणि तिचे रडणे सूत्रधाराने गावयाचे. ही फारकत मोडण्यास आणखी सदतीस वर्षे जावी लागली.

ती मोडली बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्करांनी. अण्णासाहेबांचा जन्म १८४३ मधलाच, आणि तोही गुर्लहोसूरसारख्या कानडी मुलखातल्या गावी. त्यामुळे कानडी पदांचे वळण त्यांच्या कानी लहानपणापासून पडलेले. कीर्तनाचा नाद होता, आणि पौराणिक नाटकमंडळ्यांस पदे रचून देण्याची हौसही होती. अशा माणसाने पुण्यात एका पारशी नाटकमंडळीचा ‘इंद्रसभा’ हा खेळ पाहिला. लखनौच्या अमानत कवींनी नबाबीच्या अखेरच्या काळात रचलेले हे उर्दू गीतनाट्य. त्यात पात्रे स्वतःच गात होती. मराठीत हे का होऊ नये, असे अण्णासाहेबांच्या मनाने घेतले, आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात ‘संगीत शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. कथा कालिदासाची, कल्पना पारशी मंडळीकडून उचललेली, मूळ लखनौचे, आणि भाषा मराठी! या प्रयोगाची कुंडली मांडावयाची तर तीत अर्धा हिंदुस्थान येतो.

आता चालींकडे पाहा. ‘शाकुंतला’त पदांची संख्या दोनशेच्या घरात जाते. एवढ्या पदांस चाली आणावयाच्या कोठून? अण्णासाहेबांनी आपल्या प्रेक्षकांच्या कानांत आधीच ज्या चाली घर करून होत्या, त्या बोलाविल्या. कीर्तनातून साकी व दिंडी आली, ओवी आली. लावणीची उडती लय आली. कानडी पदांची वळणे आली. स्त्रियांच्या गाण्यांतले घरगुती सूर आले. आणि त्यांच्या जोडीस हिंदुस्थानी रागदारीही आली. यात नुसती भरताड नव्हती, योजना होती. कथानक पुढे न्यावयाचे असेल तेथे साकी किंवा दिंडी घातली म्हणजे काम भागते. कारण या चालींत शब्द भराभर जातात, अर्थ अडत नाही, आणि श्रोता ताना ऐकण्याच्या अपेक्षेने बसत नाही. जेथे भावना ठरवावयाची तेथे पद. जेथे विनोद अथवा छेडछाड तेथे लावणीचा ठसका. म्हणजे चालींच्या निवडीत एक प्रकारचे व्याकरण होते, आणि ते व्याकरण कोणाकडून उसने घेतलेले नव्हते. ते अण्णासाहेबांचे स्वतःचे होते. वीट कोणत्या भट्टीतली यावरून घर कोणाचे हे ठरत नाही. दोन वर्षांनी, १८८२ साली, ‘सौभद्र’ आले आणि भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्याने या पदांस असे काही रूप आले, की मूळच्या चाली कोठल्या हे विचारण्याचे भान लोकांस राहिले नाही.

परंतु प्रत्येक उसनवारी सारखीच यशस्वी झाली असे मात्र नव्हे. १८९६ साली श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘वीरतनय’ रंगभूमीवर आले. त्यांनी साकी-दिंडीचा जुना संसार मोडून पारशी-गुजराती व उर्दू रंगभूमीवरच्या झगमगीत चाली आणल्या. तरुण प्रेक्षक खूष झाले. जुन्यांनी नाके मुरडली. हा वाद केवळ अभिरुचीचा नव्हता. चाल ही रिकामी पिशवी नसते. तिच्यात तिचा मूळ प्रसंग, तिच्या गाणाराचा थाट, तिच्या श्रोत्यांचे हसणे-डोलणे हे सारे थोडेथोडे राहिलेले असते. त्या सर्वांसकट ती नव्या नाटकात येते, आणि मग ती पात्रास शोभते की नाही हा प्रश्न उपस्थित होतो. याच सुमारास, १८९९ साली, देवलांनी ‘शारदा’ दिले. त्यांच्या चाली साध्या, परिचित आणि शब्दांस जागा देणाऱ्या. म्हाताऱ्या वराच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख त्या चालींनी घरोघर नेले. दोघेही चाली बाहेरूनच घेत होते. भेद होता तो चाल घेताना कशाकडे पाहिले, कानाकडे की पात्राकडे, इतकाच.

पुढचे मोठे वळण १९११ सालचे. खाडिलकरांच्या ‘मानापमाना’च्या चाली देण्याचे काम कोल्हापूरचे हार्मोनियमवादक गोविंदराव टेंबे यांच्याकडे आले. नाटककारानेच चाली निवडाव्यात हा जुना प्रघात येथे मागे पडला. टेंब्यांचा कान उत्तरेकडे लागलेला होता. पूर्वेकडच्या ठुमरी, दादरा, कजरी या प्रकारांची मोहिनी त्यांच्यावर होती. १९०२ साली कलकत्त्यास गोहरजानच्या गाण्याच्या तबकड्या निघाल्या, आणि नंतरच्या काही वर्षांत बनारस-लखनौच्या बैठकीतले गाणे महाराष्ट्रातल्या माणसास घरबसल्या ऐकू येऊ लागले. एरवी ज्या गाण्यासाठी रेल्वेने दोन दिवस प्रवास करावा व कोणा रईसाची ओळख काढावी, ते गाणे कर्ण्यातून बाहेर पडू लागले. ‘मानापमाना’तील भामिनी तोऱ्यात बोलते, रुसते, विरघळते. या छटांना साकी-दिंडी अपुरी पडली असती आणि ख्याल जड झाला असता. ठुमरी मात्र नेमकी बसली. कारण ठुमरीचा धर्मच असा, की एकाच शब्दाकडे निरनिराळ्या बाजूंनी पाहावे आणि प्रत्येक वेळी त्यातून नवा भाव काढावा.

येथे एक अडचण उत्पन्न झाली. तिचा उल्लेख फारसा होत नाही, म्हणून थोड्या विस्ताराने सांगतो. ब्रजभाषेतल्या बंदिशीतले शब्द बहुधा स्वरान्त असतात. ‘आ’, ‘ई’, ‘ए’ असे मोकळे स्वर शेवटी असल्यामुळे गवयास ते हवे तितके लांबविता येतात. मराठीत ‘मन’, ‘वन’, ‘जीव’ असे शब्द उच्चारात व्यंजनावर मिटतात. दार लावून घेतलेल्या घरात सूर शिरणार कोठून? तेव्हा हिंदी चालीच्या साच्यात मराठी शब्द बसवावयाचे म्हणजे कवीला तारेवरची कसरत करावी लागे. मात्रा जुळल्या तर अर्थ लंगडे, आणि अर्थ साधला तर समेवर नको ते अक्षर येई. खाडिलकरांच्या पदांतील शब्दरचना दुर्बोध आहे, असा आक्षेप आजवर अनेकांनी घेतला आहे आणि तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु त्या दुर्बोधतेचे खापर एकट्या कवीवर फोडण्यापूर्वी माथ्यावरची ‘चाल’ वाचावी. पायात दुसऱ्याच्या मापाचा जोडा घालून कवी नाचत होता. तरी त्यातून संस्कृत समासांचा, मोकळ्या स्वरांचा आणि आडव्यातिडव्या अन्वयांचा एक निराळाच पदबंध तयार झाला, आणि आज तो नाट्यगीताची ओळख होऊन बसला आहे. उसनवारीची किंमत अशी भाषेला मोजावी लागली, आणि भाषेने त्यातूनही काही कमाई केली.

‘मानापमाना’त ठुमरीने प्रवेश केला, तर १९१६ च्या ‘स्वयंवरा’त ख्यालाने. गंधर्व नाटक मंडळीच्या या नाटकास भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या. बुवांनी फैज महंमद खां, नत्थन खां आणि अल्लादिया खां अशा तीन थोर उस्तादांजवळ विद्या घेतली होती. ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तीन घराण्यांचे पाणी एका घटात साठलेले होते. यमन, भूप, बिहाग, भीमपलास हे राग अशा रीतीने मध्यमवर्गीय कुटुंबांच्या तोंडी बसले, की ज्यांनी जन्मात मैफल पाहिली नाही त्या गृहिणीही ओट्यापाशी भूप गुणगुणू लागल्या. त्यांना तो भूप आहे हे ठाऊक नव्हते. ती त्यांना रुक्मिणी वाटत होती. विदर्भाच्या राजकन्येची कृष्णभक्ती व्यक्त करणारे ते सूर मुसलमान उस्तादांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केलेले होते. पुढे याच मंडळीत बालगंधर्वांच्या गाण्यामागे कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला वाजत असे. आपल्या संस्कृतीचे जे वैभव म्हणून आपण मिरवितो, त्याच्या पायाभरणीत कोणाकोणाचे हात लागले आहेत, हे अधूनमधून आठवणे मनाच्या आरोग्यास हितकारक असते.

याहूनही विचार करावयास लावणारे उदाहरण १९१९ सालच्या ‘एकच प्याल्या’चे आहे. गडकरी त्याच वर्षी जानेवारीत निवर्तले आणि नाटक त्यांच्या पश्चात रंगभूमीवर आले. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. दारूच्या व्यसनाने उद्ध्वस्त झालेल्या संसारातली सिंधू ही मराठी मनाने पातिव्रत्याची मूर्ती म्हणून पुजली. तिची पदे ऐकताना नाटकगृहातल्या बायका पदराने डोळे टिपत. यातील कित्येक पदांच्या चाली बालगंधर्वांनी सुंदराबाई जाधव यांच्याकडून घेतल्या होत्या. सुंदराबाई लावणी, गझल, ठुमरी गाणाऱ्या; थोर कलावती. पण ज्या घरांतून सिंधूसाठी अश्रू ढाळले गेले, त्यांतील बहुतेक घरांनी सुंदराबाईंस आपल्या ओटीवर बसवून घेतले असते की नाही, याची मला शंका आहे. सूर आत आला आणि गाणारी बाहेर राहिली. पुढे ‘माणूस’ चित्रपटात त्यांनी आईची भूमिका केली, तेव्हा लोकांस त्यांचा चेहरा दिसला. तोवर त्यांचा सूर मात्र घरोघर वीस वर्षे वावरत होता.

आता कोणी म्हणेल, की हा आपल्याकडचाच प्रकार. तसे नाही. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात व मद्रासेकडे इंग्रजी बँड वाजू लागले, तेव्हा मुथुस्वामी दीक्षितरांसारख्या कर्नाटक संगीतातील श्रेष्ठ वाग्गेयकाराने त्या बँडच्या सुरावटींवर संस्कृत स्तोत्रे रचली. त्यांत इंग्लंडच्या राष्ट्रगीताचीही चाल आहे. युरोपात ब्राम्स या जर्मन संगीतकाराने १८६९ साली हंगेरियन नृत्यांच्या सुरावटी प्रसिद्ध केल्या. त्यांवर त्याने आपल्या रचनांचा अनुक्रमांक घातला नाही. आपण फक्त मांडणी केली अशी त्याची भूमिका होती. हा त्याचा प्रामाणिकपणा. परंतु त्यांतील सर्वांत गाजलेली पाचवी सुरावट लोकगीत समजून त्याने घेतली, ती वस्तुतः केलेर बेला या जिवंत संगीतकाराची निघाली. ‘लोकांचे’ म्हणून आपण ज्याला हात घालतो ते पुष्कळदा कोणा एकाचे असते. फक्त त्या एकाचे नाव आपल्यापर्यंत पोहोचलेले नसते. आपल्या छापील पुस्तकांतील ‘चाल’ या ओळीतही हेच वैगुण्य आहे. ती गाणे सांगते, गाणारी सांगत नाही.

नाटकाकडून बोलपटाकडे येताना या देवघेवीस आणखी दारे उघडली. १९३३ साली नाट्यमन्वंतराचे ‘आंधळ्यांची शाळा’ झाले. केशवराव भोळ्यांनी त्यात गाणी मोजकी ठेवली, आणि तान-पलट्यांपेक्षा शब्दाचा भाव धरून चालणारी, पाश्चात्य गीताची शिस्त ओळखणारी चाल आणली. पुढे त्यांनी प्रभात कंपनीच्या ‘संत तुकारामा’स १९३६ साली संगीत दिले. त्या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेले एक नवे गीत लोकांनी तुकोबांचाच अभंग समजून स्वीकारले, एवढी ती शब्दरचना आणि वारकरी वळणाची चाल एकजीव झाली होती. दुसऱ्याच वर्षी ‘कुंकू’मध्ये त्याच भोळ्यांनी शांता आपटे यांच्या तोंडी लाँगफेलोची इंग्रजी कविता घातली. एकाच माणसाने वर्षभराच्या अंतराने भजनी ठेका आणि इंग्रजी कवितेचे गान दोन्ही हाताळावीत, आणि दोन्ही प्रसंगास शोभावीत! भास्करबुवांचे शिष्य मास्टर कृष्णराव यांनी १९३९ च्या ‘माणूस’मध्ये तर एकाच गाण्यात निरनिराळ्या प्रांतांच्या भाषा गुंफल्या, गुरूकडून घेतलेली ख्यालाची विद्या शिष्याच्या हाती चहाच्या दुकानापर्यंत उतरली, आणि बाटली नाही.

स्वातंत्र्याच्या सुमारास पुणतांब्याचा एक मराठी तरुण मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत नाव काढू लागला. रामचंद्र नरहर चितळकर हे त्याचे नाव. जगाने त्यास सी. रामचंद्र म्हणून ओळखले. ‘शहनाई’ आणि १९५१ सालच्या ‘अलबेला’ या चित्रपटांत त्याने पाश्चात्य नृत्यसंगीताचे ठेके आणले, आणि १९५३ च्या ‘अनारकली’त बागेश्रीचे आर्जव आणले. या पाश्चात्य अंगाच्या मागे गोमंतकीय वादकांचे श्रम होते. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलिपी व व्हायोलिन शिकविले जाई. ती मुले मोठी होऊन पोटासाठी मुंबईस आली, हॉटेलांतून वाजवू लागली आणि तेथून चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरली. चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस, सेबास्तियन डिसोझा ही त्यांतील काही नावे. संगीतकार चाल गुणगुणे. ती कागदावर उतरवून वीस-तीस वाद्यांत वाटून देण्याचे काम बहुधा हे लोक करीत. पडद्यावरील नामावळीत त्यांच्या वाट्यास क्वचितच जागा आली. बारीक ठशांतली ती ‘चाल’ची ओळ निदान छापली तरी जात असे, येथे तीही गेली.

एवढा प्रवास करून आल्यावर माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळतो. घेणे आणि चोरणे यांत भेद कोणता? मला दोन कसोट्या सुचतात. पहिली कलेची: घेतलेली चाल नव्या जागी नवे काम करते काय? लखनौच्या दरबारी करमणुकीतून निघालेली कल्पना शकुंतलेच्या सासरी पाठवणीस उपयोगी पडली. बैठकीतली ठुमरी मानिनीचा अभिमान बोलू लागली. लावणीची लय माझ्या आजीच्या संध्याकाळी विसावली. येथे चाल बदलली नाही तरी तिचा जन्म बदलला. उलट, जेथे मूळच्याच प्रसंगासाठी, मूळच्याच थाटाने, केवळ वेळ वाचविण्याकरिता चाल उचलली जाते, तेथे काही नवे निपजत नाही. दुसरी कसोटी नीतीची: घेणारा ते कबूल करतो काय? किर्लोस्कर-देवलांच्या काळात ही कबुली इतकी स्वाभाविक होती, की पुस्तकात ती छापणे हा शिष्टाचारच झाला होता. चाल कोणाची हे सांगितल्याने आपला मोठेपणा कमी होईल, अशी भीती त्यांस शिवली नाही. पहिल्या कसोटीस आपले जुने संगीतकार पुरेपूर उतरतात. दुसरीस ते अर्धेच उतरतात, हेही मोकळेपणी मान्य केले पाहिजे. कारण गीताचे ऋण त्यांनी मान्य केले, गायिकेचे मात्र पुष्कळदा नाही. तो दोष त्यांच्या एकट्यांचा नव्हे. ज्या समाजासाठी ते गात होते त्याचाही आहे, आणि त्या समाजात आपण सारे येतो.

याच प्रश्नावर मराठी रंगभूमीने एक नाटकच उभे केले. १९६७ साली पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ आले. घराण्याची विद्या परक्यास न देण्याचा हट्ट धरणारे खांसाहेब, आणि ती मिळावी म्हणून त्यांच्याच घरी नोकर होऊन राहणारा सदाशिव, असा त्यातील पेच आहे. सदाशिव चोर की शिष्य? नाटक पाहताना आपण दोन्ही बाजूंनी कासावीस होतो. त्यास चाली दिल्या त्या गोमंतकीय जितेंद्र अभिषेकी यांनी, आणि त्यांनी स्वतः एकापेक्षा अधिक घराण्यांच्या गुरूंकडून विद्या घेतली होती. एका घराण्याचे दार बंद असण्याची ही कथा अनेक घराण्यांच्या दारांतून फिरून आलेल्या माणसाच्या सुरांनी सजली, यात मला कलेच्या इतिहासाचा एक न्याय दिसतो. विद्या कुलूपबंद ठेवणारे हरतात. पण कुलूप फोडणाऱ्यासही शेवटी गुरूपुढे नमावे लागते.

त्या विद्यार्थ्यास मी हे सारे पुढच्या तासाला सांगितले. तो म्हणाला, “म्हणजे चाल घेणे हा गुन्हा नाही, नाव गाळणे हा गुन्हा.” इतक्या थोडक्यात मला ते सांगता आले नव्हते.

आजीचे ते पुस्तक आता माझ्या टेबलावर असते. ती प्रत्येक अक्षराखाली बोट धरून वाचीत असे, हे मला चांगले आठवते. तेव्हा माथ्यावरची ती बारीक ओळ तिच्या नजरेतून सुटली असेल, असे मला वाटत नाही. तिने ती वाचली असणार, घरात कोणास सांगितली नसणार, आणि पद म्हणणे मात्र सोडले नाही. आम्ही विद्वान म्हणविणाऱ्यांनी जे पुष्कळ उशिरा ओळखले, ते तिच्या गळ्याने आधीच मान्य केले होते. नाट्यसंगीतावर काही शिकवावयाचे असले म्हणजे हल्ली मी पदापासून आरंभ करीत नाही. विद्यार्थ्यांस आधी ती वरची ओळ मोठ्याने वाचावयास लावतो.